फोटोखाली नाव कुणाचं?

लग्नसराईत स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागायचं ठरवलेल्या पोरींसाठी लिहितेय. ॲपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला येतंय असं धरते, नसेल येत तरी दोन लग्नांत हात बसतो. मी जिथं अडकले ते वेगळंच होतं आणि ते कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

सांगलीत एका स्टुडिओत तीन वर्षं होते. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा गावात शिरली तेव्हा कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी फिरत होते. एक आज्जी बोटीत चढत होती, पदरात गुंडाळलेला देवघरातला बाळकृष्ण, त्याचं पितळी डोकं तेवढं बाहेर, आणि तिची सगळी काळजी त्यालाच पाणी लागू नये याची. तो फोटो निघाला तेव्हाच मला कळलं होतं की हा राहणार. संध्याकाळी सवयीनं कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड स्टुडिओवाल्या सरांच्या हातात दिलं, त्यांनी फोटो उतरवून घेतले, कार्ड फॉरमॅट करून, म्हणजे सगळं पुसून, परत दिलं. दोन दिवसांनी तो छापून आला, खाली सरांचं नाव.

मी विचारलं तर म्हणाले, अगं होमाई व्यारावालांचे, देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफरचे, फोटोसुद्धा सुरुवातीला नवऱ्याच्या नावानंच छापायचे, तू कोण लागून गेलीस? मी गप्प बसले. ते गप्प बसणं अजून डोक्यातनं जात नाही.

नंतर मी होमाईंबद्दल नीट वाचलं. जन्म १९१३, नवसारीचा, शिक्षण मुंबईत जे.जे. मध्ये. कॅमेरा शिकवला माणेकशॉंनी, ज्यांच्याशी पुढं लग्न झालं. सुरुवातीचे फोटो त्यांच्या नावानं छापले गेले हे खरंच आहे, कारण तिला कुणी ओळखत नव्हतं आणि बाईनं काढलेला फोटो म्हटलं की लोक विचारात पडायचे. पण सरांनी अर्धीच गोष्ट सांगितली. १९४२ ला ती दिल्लीला ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसमध्ये गेली, साडी नेसून सायकलवरनं जड कॅमेरा घेऊन कामावर जायची, आणि तिनं स्वतःचं नाव उभं केलं, 'डालडा १३'. जन्मसाल १३, नवरा भेटला तेराव्या वर्षी, गाडीचा नंबर डीएलडी १३, त्यातनं आलेलं. स्वातंत्र्यानंतर लाल किल्ल्यावर पहिल्यांदा तिरंगा फडकला, माउंटबॅटन निघाले, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं तिच्या कॅमेऱ्यात आहे. तिच्या रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याला फिल्मच्या एका रोलमध्ये १२ फोटो, म्हणजे प्रत्येक क्लिक मोजून. २०११ ला पद्मविभूषण मिळालं ते तिच्याच नावावर. शिकवणारा माणूस आणि वापरून घेणारा माणूस यातला फरक तेव्हा मला कळला.

तर सापळा हा आहे: कार्ड. पुन्हा सांगते, कार्ड. ते हातातनं गेलं की पुरावाच गेला. दिवस संपला की आधी स्वतःच्या हार्ड डिस्कवर रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फाइल्स, उतरवा, मग कार्ड द्या, आणि कॉपी ठेवणार हे कामाला लागतानाच सांगा, व्हॉट्सॲपवर लिहून. त्या वेळी वाईट वाटतं, भांडखोर ठरू असं वाटतं, ठरा. दुसऱ्याच्या घरचे फोटो आहेत तेव्हा न विचारता कुठं टाकायचे मात्र नाहीत. कायदा पण माहीत असू द्या. पगारी कामात फोटोची मालकी बहुतेक वेळा मालकाकडे जाते, वेगळं काही ठरलं नसेल तर. पण कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ म्हणतं की मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'हे मी काढलंय' म्हणायचा हक्क काढणाऱ्याचाच. मला हे तेव्हा माहीत असतं तर!

आणि प्रीसेट, म्हणजे फोटोच्या रंगांचं तयार सेटिंग, विकत घेऊ नका, सगळ्यांची हळद एकाच रंगाची दिसायला लागते. फुकटात वर्षभर राबवून घेणाऱ्याला गुरू म्हणू नका. एवढं सगळं वाचून घाबरायचं पण नाही हं, चांगली माणसं आहेत. मला आता साताऱ्यात ज्यांच्याकडे काम मिळतं ते मी न सांगता अल्बमच्या शेवटच्या पानावर माझं नाव टाकतात.

आज रात्री बॅटरी चार्जिंगला लावाल तेव्हा कॅमेऱ्याच्या मेनूत कॉपीराइट इन्फर्मेशन शोधा, तिथं स्वतःचं पूर्ण नाव टाका, मग प्रत्येक फाइलच्या पोटात ते आपोआप जातं. माझ्या कॅमेऱ्यात मराठी अक्षरं चालत नाहीत, इंग्रजीत टाकावं लागलं, स्पेलिंग दोनदा बघून घ्या.