कमी खर्चात रोम पाहताना या चुका टाळा

विमानाचे तिकीट, व्हिसा आणि विमा यांचे पैसे भरून झाले की रोमच्या सहलीसाठी हातात उरणाऱ्या रकमेकडे पाहून बहुतेक जण काटकसरीला लागतात, आणि नेमकी ती काटकसर भलत्याच जागी होते. हॉटेल शहराबाहेरचे घेतले जाते, कोलोसियमचे तिकीट ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून मागे ठेवले जाते, आणि वाचवलेले पैसे टॅक्सीवर आणि दलालांवर खर्च होऊन जातात. रोममधले जे खरोखर पाहण्यासारखे आहे, त्यातले निम्मेअधिक विनामूल्य आहे. त्यामुळे तेथे खिसा रिकामा होतो तो बहुधा चुकीच्या वेळी, चुकीच्या ठिकाणी केलेल्या खरेदीमुळे. पुढील मजकुरातील दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी ते एकदा अधिकृत संकेतस्थळांवर पडताळून घ्यावेत.

मे महिन्याचा हट्ट

महाराष्ट्रातील शाळांची उन्हाळी सुट्टी आणि रोमचा सर्वांत महाग हंगाम जवळजवळ एकाच वेळी येतात. ईस्टरपासून जूनपर्यंत खोल्यांचे भाडे चढलेले असते. ऑगस्टमध्ये ते काहीसे उतरते, पण तेव्हा उकाडा असह्य असतो आणि १५ ऑगस्टच्या फेरागोस्तो या सणाच्या आगेमागे घरगुती पद्धतीने चालणारी अनेक चांगली खाद्यगृहे कुलूप लावून गावाला जातात. मुलांच्या शाळेमुळे दिवाळीची सुट्टीच शक्य असेल, तर लक्ष्मीपूजन आटोपून नोव्हेंबरमध्ये निघणे ऑक्टोबरपेक्षा स्वस्त पडते. ज्यांच्यावर शाळेचे बंधन नाही त्यांनी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी निवडावा. थंडी सोसण्याजोगी असते, फक्त दिवस लवकर मावळतो.

दूरचे स्वस्त हॉटेल

नकाशावर ‘रोम’ असे लिहिलेले असले तरी हॉटेल शहराभोवतीच्या वळणरस्त्याच्या पलीकडे असू शकते. तेथून रोज दोन वेळा तासभराचा प्रवास करावा लागतो. शिवाय मेट्रो रविवार ते गुरुवार रात्री साडेअकराच्या सुमारास बंद होते, त्यानंतर टॅक्सीवाचून पर्याय फारसा राहत नाही. कोलोसियमच्या अगदी शेजारी राहण्याची गरज नाही. सान जोव्हान्नी, ओस्तिएन्से किंवा गार्बातेल्ला या वस्त्यांमध्ये मेट्रोजवळची साधी खोली पाहावी. ख्रिस्ती मठांनी चालवलेली अतिथिगृहे हा आणखी एक चांगला मार्ग आहे. तेथे खोल्या साध्या आणि स्वच्छ असतात. मात्र काही ठिकाणी रात्री ठरावीक वेळेच्या आत परतावे लागते, हे आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे.

खोलीच्या भाड्यात सहसा न धरलेला खर्च म्हणजे नगरपालिकेचा मुक्काम-कर. तो दरडोई, दररात्री आकारला जातो आणि हॉटेलच्या दर्जानुसार बदलतो. तीन तारांकित हॉटेलात तो ६ युरो आहे, म्हणजे दोन प्रौढांच्या पाच रात्रींसाठी ६० युरो. दहा वर्षांखालील मुलांना तो लागत नाही. अनेक ठिकाणी तो रोखीने मागितला जातो, म्हणून तेवढी रक्कम वेगळी ठेवावी.

विमानतळावरून शहरात

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या मुख्य स्थानकाकडे जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस १४ युरो घेते आणि ३२ मिनिटांत पोचवते. बहुतेक प्रवासी पाटी दिसली की तिच्यातच चढतात. त्याच स्थानकावरून सुटणारी एफएल-१ ही साधी गाडी ८ युरोंत त्रास्तेवेरे, ओस्तिएन्से आणि तिबुर्तिना येथे नेते. ती तेर्मिनीला जात नाही, पण ओस्तिएन्सेला उतरल्यास जवळच पिरामिदे हे मेट्रोचे स्थानक आहे. बस आणखी स्वस्त असते, मात्र वाहतुकीत अडकू शकते. चौघांच्या कुटुंबाने मात्र वेगळा हिशेब करावा: रोमच्या प्राचीन तटबंदीच्या आतील पत्त्यासाठी अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचे भाडे ठरलेले आहे, सध्या सुमारे ५५ युरो, आणि ते माणशी नसून संपूर्ण टॅक्सीचे, सामानासह असते. चार जणांची एक्सप्रेसची तिकिटे ५६ युरोंची होतात. आगमन कक्षात ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत जवळ येणाऱ्या माणसाला हे भाडे लागू नसते, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करून बाहेरच्या रांगेतच उभे राहावे.

शहरात बस, ट्राम आणि मेट्रोसाठी एकच तिकीट चालते. १.५० युरोंचे हे तिकीट १०० मिनिटे वैध असते, त्यात बस कितीही वेळा बदलता येते, पण मेट्रोत एकदाच शिरता येते. बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवला नाही, तर तिकीट खिशात असूनही प्रवासी विनातिकीट ठरतो आणि दंड ५० युरोंच्या वर जातो. ‘आम्ही पर्यटक आहोत, माहीत नव्हते’ ही सबब तपासनीस रोज ऐकतो. बँकेचे कार्ड टेकवून प्रवास करता येतो. तेव्हा प्रत्येकाने आपले स्वतंत्र कार्ड वापरावे. दहा वर्षांखालील मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही.

कोलोसियमचे तिकीट: सर्वांत महागडी दिरंगाई

कोलोसियमचे साधे तिकीट १८ युरोंचे असून त्यातच रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि शेजारची पॅलेटाइन टेकडीही येतात. अधिकृत संकेतस्थळावर ते भेटीच्या ३० दिवस आधी खुले होते, आणि हंगामात पाहता पाहता संपते. तिकीट नावानिशी असते, म्हणून पासपोर्टवरील नाव जसेच्या तसे भरावे आणि प्रवेशाच्या वेळी पासपोर्ट जवळ ठेवावा; घरातल्या सर्वांची तिकिटे एकाच नावावर काढणे ही नेहमीची चूक आहे. तिकिटांची ही टंचाई पूर्णपणे नैसर्गिक नव्हती. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने एप्रिल २०२५ मध्ये, तिकिटे सर्वसामान्यांना मिळू न दिल्याबद्दल, पूर्वी तिकीटविक्री सांभाळणारी संस्था आणि काही सहल कंपन्या यांना मिळून सुमारे २ कोटी युरोंचा दंड ठोठावला. स्वयंचलित प्रणाली वापरून तिकिटे उचलायची आणि मार्गदर्शकासह महागड्या सहलीत गुंफून विकायची, असा तो प्रकार होता.

सवलतीच्या बाबतीत भारतीय विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते. १८ ते २५ वयाच्या तरुणांसाठी असलेले २ युरोंचे तिकीट युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. पुण्याच्या महाविद्यालयाचे ओळखपत्र तेथे उपयोगी पडत नाही. १८ वर्षांखालील मुलांना मात्र, देश कोणताही असो, सरकारी स्मारकांत प्रवेश विनामूल्य आहे. फक्त त्यांचेही तिकीट आधी आरक्षित करावे लागते. व्हॅटिकनचे नियम वेगळे आहेत, कारण ते वेगळे राष्ट्र आहे, आणि तेथे विद्यार्थ्यांना ओळखपत्रावर सवलत मिळू शकते.

तिकिटे संपलीच असतील तर प्रथम फोरमवर कडेने नजर टाकण्याची जागा लक्षात ठेवावी. काम्पिदोल्यो चौकाच्या मागील बाजूस गेले की संपूर्ण फोरम पायाखाली पसरलेला दिसतो, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. कोलोसियम बाहेरून रात्रीच्या दिव्यांत पाहावे. आत जाण्याचा आग्रहच असेल, तर ऐन दुपारच्या किंवा शेवटच्या तासाच्या वेळा अधूनमधून संकेतस्थळावर मोकळ्या होतात का, ते पाहत राहावे. प्रवेशद्वारापाशी ‘आत्ता लगेच आत’ असे सांगणाऱ्याच्या हाती पैसे ठेवणे हा शेवटचा उपायसुद्धा नव्हे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये आणि स्मारके विनामूल्य असतात, हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे, आणि म्हणूनच त्या दिवशी कोलोसियमची रांग सकाळ गिळून टाकते. हा रविवार कमी गर्दीच्या ठिकाणी खर्च करावा. ऑस्तिया अँतिका हे प्राचीन रोमचे बंदर त्यासाठी उत्तम आहे: फरसबंद रस्ते, गोदामे, नाट्यगृह, व्यापाऱ्यांच्या कचेऱ्यांपुढील जहाजांची मोझेक चित्रे, असे अख्खे गाव तेथे उघडे पडले आहे, आणि पिरामिदेजवळच्या स्थानकातून नेहमीच्या १.५० युरोंच्या तिकिटावर तेथे जाता येते. व्हॅटिकन संग्रहालये महिन्याच्या शेवटच्या रविवारी विनामूल्य असतात, प्रवेश साडेबारापर्यंतच मिळतो, आणि गर्दी इतकी असते की सिस्टाइन चॅपेलमध्ये मान वर करण्याआधी धक्के खावे लागतात. माझ्या मते ज्याला चित्रे शांतपणे पाहायची आहेत, त्याने येथे पैसे वाचवू नयेत.

फुकटचे रोम चुकीच्या वेळी

रोममधील चर्चमध्ये काय दडलेले आहे, याची कल्पना नसल्यामुळे लोक संग्रहालयांच्या रांगेत उभे राहतात आणि शेजारचे दार ओलांडत नाहीत. पियात्सा नाव्होना या चौकाजवळच्या सान लुइजी देई फ्रांचेजी या चर्चमध्ये चित्रकार काराव्हाज्जोची संत मॅथ्यूच्या जीवनावरील तीन चित्रे ज्या जागेसाठी काढली त्याच जागी आहेत. सांता मारिया देल पोपोलोमध्ये त्याचीच आणखी दोन आहेत. कोलोसियमपासून थोड्या चढावर सान पिएत्रो इन व्हिंकोली येथे मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा बसलेला आहे. यांपैकी कोठेही तिकीट नाही.

सांत’आगोस्तीनो चर्चमधील काराव्हाज्जोच्या चित्रासाठी थोडा वेळ राखून ठेवावा. मेरी बालकाला घेऊन उंबरठ्यावर उभी आहे आणि तिच्यासमोर दोन वृद्ध यात्रेकरू गुडघे टेकून बसले आहेत. पुरुषाचे मळलेले, अनवाणी तळवे थेट पाहणाऱ्याच्या नजरेसमोर येतात. पंढरीच्या वाटेवर चालून आलेल्या माणसाचे पाय ज्याने पाहिले आहेत, त्याला या चित्राचे वेगळे स्पष्टीकरण लागणार नाही.

अडचण वेळेची आहे. बहुतेक चर्च दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास बंद होतात ते साडेतीन-चारनंतरच उघडतात, म्हणून ती सकाळी किंवा संध्याकाळी पाहावीत आणि मधला वेळ जेवणाला किंवा मोकळ्या अवशेषांना द्यावा. अनेक ठिकाणी पेटीत नाणे टाकले की चित्रावरचा दिवा थोडा वेळ लागतो आणि आपोआप विझतो. सुट्टी नाणी जवळ असावीत. खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर, विशेषतः सेंट पीटर्स बॅसिलिकात, प्रवेश नाकारला जातो. या बॅसिलिकाला तिकीट नाही, फक्त सुरक्षा तपासणीची रांग असते. ती सकाळी सात-आठच्या सुमारास सर्वांत लहान असते. पँथिऑन या प्राचीन मंदिराला मात्र जुलै २०२३ पासून तिकीट आहे. सांत’इन्यात्सिओ चर्चमध्ये छताचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या आरशात छायाचित्र काढण्यासाठी लोक ताटकळतात. रांग सोडून सरळ वर पाहावे, छतावरचा घुमट हा सपाट पृष्ठभागावर रंगवलेला आभास आहे आणि तो उघड्या डोळ्यांनीच अधिक चांगला फसवतो.

खाणेपिणे

कॉफी बारमध्ये उभ्याने प्यावी. टेबलाशी बसताच तीच कॉफी, विशेषतः प्रसिद्ध चौकात, दुपटी-तिपटीने महागते आणि ते बेकायदाही नसते, कारण दोन्ही दर फलकावर लिहिलेले असतात. अनेक बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची, अशी रीत आहे.

पोटभर आणि स्वस्त खाण्यासाठी वजनावर विकला जाणारा चौकोनी पिझ्झा सर्वांत सोयीचा. विक्रेता सुरी ट्रेवर धरून ‘एवढा?’ असे नजरेने विचारतो, मग तुकडा कापून तराजूवर ठेवतो. गोंधळ होतो तो पाटीवरील दरात: तो कधी किलोचा असतो, कधी १०० ग्रॅमचा. माशांच्या उपाहारगृहात हाच गोंधळ फार महागात पडतो, म्हणून अख्खा मासा मागवण्यापूर्वी त्याचे वजन आणि एकूण किंमत विचारावी.

शाकाहारी वाचकांनी दिसण्यावर जाऊ नये. भाताचा तळलेला गोळा म्हणजे सुप्ली, त्यात पारंपरिक पद्धतीने खिम्याचा रस्सा असतो. कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रिचा या तिन्ही पास्त्यांत डुकराच्या गालाचे मांस असते. काचो ए पेपे या पास्त्यात फक्त चीज आणि मिरी असते, पण ते चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील विरजणाने बनते, हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीज नसलेला मारिनारा पिझ्झा घ्यावा. खोलीत स्वयंपाकाची सोय असेल, तर तेर्मिनीजवळच्या एस्क्विलिनो बाजारात डाळ, तांदूळ, हिरव्या मिरच्या आणि कोथिंबीर सहज मिळते.

रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तेथे ‘कोपेर्तो’ हे बैठकीचे शुल्क २००६ च्या प्रांतिक कायद्याने लावता येत नाही. पावाचे पैसे मात्र घेता येतात. नको असल्यास पाव ठेवतानाच नम्रपणे परत करावा.

बाटलीबंद पाणी विकत घेणे हा तर निव्वळ अपव्यय आहे. शहरात ‘नासोनी’ म्हणून ओळखले जाणारे सुमारे २,५०० नळ अखंड वाहतात. पहिले १८७४ मध्ये बसवले गेले. पाणी पिण्याचे आणि थंडगार असते. नळीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छोट्या छिद्रातून धार उसळते आणि भांड्यावाचून पिता येते. स्पॅनिश पायऱ्यांवर बसून शिदोरी उघडू नये. तेथे बसण्यास २०१९ पासून मनाई आहे आणि दंड २५० युरोंपासून सुरू होतो.

घोटाळा झालाच तर

कार्ड स्वाइप करताना किंवा एटीएमवर ‘रुपयांत की युरोत?’ असा प्रश्न आला, तर नेहमी युरो निवडावे. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर यंत्राचा मालक ठरवतो. पैसे काढण्यासाठी बँकेच्या शाखेला लागून असलेले एटीएम शोधावे.

बस आली नाही तर ती उशिरा आहे असे गृहीत धरू नये. वाहतूक कर्मचाऱ्यांचे संप, बऱ्याचदा शुक्रवारी, आधी जाहीर करून होतात. संपातही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळेत सेवा चालू ठेवली जाते, म्हणून विमानतळाकडे जाण्याची वेळ त्यानुसार आखावी.

तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणाऱ्या ६४ क्रमांकाच्या बसमध्ये आणि मेट्रोच्या दारांपाशी पाकीटमार सराईत असतात. पासपोर्ट गेल्यास त्याच दिवशी पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि व्हिया व्हेंती सेत्तेम्ब्रे या रस्त्यावरील भारतीय दूतावास गाठावा. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानाची छायाचित्रे, तसेच दोन पासपोर्ट आकाराचे फोटो, पाकिटात न ठेवता खोलीवरच्या सामानात वेगळे ठेवले असतील, तर परतीची तात्पुरती कागदपत्रे मिळण्यास कमी वेळ लागतो. दूतावास शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असतो, मात्र तातडीच्या मदतीसाठीचा दूरध्वनी त्याच्या संकेतस्थळावर दिलेला असतो; तो मुंबईहून निघण्यापूर्वीच कागदावर उतरवून घ्यावा, कारण अनेकदा पाकिटाबरोबर फोनही गेलेला असतो.