घरात चार जनावरं आणि घर भाड्याचं: या चुका टाळा

पुण्यात घर शोधायला लागलं की एजंट फोनवर तीन गोष्टी हमखास विचारतो. फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज, आणि पेट्स आहेत का. तिसऱ्या प्रश्नाला जीभ अडखळते. मी तेव्हा ‘एक छोटी कुत्री आहे’ एवढंच म्हणाले होते. घरात तांबी नावाची देशी कुत्री होती, आणि शिवाय तीन मांजरी.

कोथरूडमधलं ते घर मिळालं. दुसऱ्या महिन्यात घरमालक गिझर दाखवायला प्लंबरला घेऊन आले, तेव्हा एक मांजर फ्रिजवर, एक खिडकीत आणि एक त्यांच्याच जुन्या सोफ्यावर झोपलेली. काका ओरडले नाहीत. म्हणाले, ‘ताई, आधी सांगितलं असतंत तर मी कदाचित हो म्हटलं असतं. आता कसं म्हणू?’ त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन महिन्यांत घर सोडलं, एजंटला पुन्हा एका महिन्याचं भाडं दिलं आणि सगळं पहिल्यापासून सुरू केलं.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच मानते: आकडा लपवणं. मालकाला जनावरांची भीती असते त्यापेक्षा फसवलं जाण्याची जास्त असते. फेब्रुवारी 2025 मध्ये हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये तीनशेहून जास्त मांजरी असल्याचं प्रकरण गाजलं आणि महापालिकेने नोटीस काढली. त्यानंतर मी घर बघत होते तेव्हा दोन मालकांनी तीच बातमी समोर ठेवली. ‘थोड्या मांजरी आहेत’ असं मोघम बोललात तर ऐकणारा आपल्या मनाने आकडा लावतो. ‘तीन आहेत, तिघींची नसबंदी झालेली आहे, हे फोटो’ म्हटलं की बोलणं पुढे सरकतं.

एका कागदावर सगळ्यांची माहिती लिहा: फोटो, वय, नसबंदीची तारीख, रेबीजच्या लसीची तारीख, महापालिकेच्या नोंदणीची प्रत, आधीच्या घराच्या शेजाऱ्यांचा त्यांना विचारून घेतलेला फोन नंबर. हा कागद एजंटच्या हाती देऊन थांबू नका, मालकांना स्वतः भेटा. एजंटला सौदा लवकर उरकायचा असतो. ‘मॅडम, मी बघतो, तुम्ही काही बोलू नका’ असं तो म्हणाला तर ते घर सोडून द्या. पुढे अडचण आली की तो फोन उचलत नाही, हे मी दोनदा अनुभवलंय.

सोसायटीचा नियम आणि मालकाची अट यांची गल्लत

आपल्यातले बरेच जण इथे चुकीच्या माणसाशी भांडतात. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमत झालं तरी पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. लिफ्ट नाकारता येत नाही आणि लिफ्टसाठी वेगळे पैसेही लावता येत नाहीत. कुत्रं मोठं आहे किंवा भुंकतं एवढ्या कारणावरून ‘काढून टाका’ असा दबाव आणता येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राणी ठेवण्यावर बंदी घालणारे रहिवासी संघटनांचे नियम घटनाबाह्य ठरवले, तोही निकाल पत्राला जोडता येतो.

पण हे सगळं सोसायटीला लागू पडतं. घरमालकाने आपली जागा कोणाला द्यायची आणि कोणत्या अटीवर, हा तुमच्या दोघांमधला करार आहे. ‘प्राणी पाळणार नाही’ या कलमाखाली सही करून नंतर मंडळाचं परिपत्रक मालकांपुढे धरलंत तर त्याचा उपयोग होत नाही. मुदत संपल्यावर अडून बसलात तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 प्रमाणे दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात. तक्रार आली की आधी विचारा, ती नेमकी कोणाची? सेक्रेटरींनी मालकांना फोन केला असेल आणि मालक तो दबाव तुमच्यापर्यंत पोचवत असतील, तर मालकांशी वाद घालू नका. त्यांना परिपत्रकाची प्रत द्या, म्हणजे सेक्रेटरींना काय उत्तर द्यायचं ते त्यांना कळेल. माझ्या आत्ताच्या मालकीणबाईंनी ती प्रत कमिटीला पाठवली आणि विषय तिथेच मिटला. तोवर आपली बाजू कायद्याची आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

करारात एक ओळ नसणं

‘अहो, चालेल हो, मलाही कुत्री आवडतात’ हे तोंडी वाक्य अकरा महिने टिकेलच असं नाही. मालक परगावी जातात, कारभार मुलाच्या हाती येतो. लिव्ह अँड लायसन्सच्या छापील मसुद्यात प्राण्यांचा उल्लेख बहुतेक वेळा नसतोच. मात्र शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देण्याचं कलम असतं, आणि वेळ आली की तेच पुढे केलं जातं. मसुदा ऑनलाइन भरतानाच, अंगठा देण्याआधी, इतर अटींच्या रकान्यात अशी ओळ घालून घ्या (‘परवाना घेणार’ म्हणजे आपण, ‘परवाना देणार’ म्हणजे मालक):

‘परवाना घेणार यांच्याकडे एक कुत्री व तीन मांजरी असून याची परवाना देणार यांना पूर्ण कल्पना आहे व त्यांना जागेत ठेवण्यास त्यांची संमती आहे. प्राण्यांमुळे नेहमीच्या झिजेपलीकडे जागेचे प्रत्यक्ष नुकसान झाल्यास दुरुस्तीचा खर्च परवाना घेणार बिल पाहून देतील.’

शेवटचं वाक्य मालकांसाठी आहे. ते आपणहून घातलं की बाकीच्या ओळीला विरोध होत नाही असा माझा अनुभव आहे. ‘बिल पाहून’ हे दोन शब्द मात्र सोडू नका, डिपॉझिटचं रक्षण तेच करतात. करार नोंदवून घ्या. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकलेली आहे (भाडे नियंत्रण कायदा, कलम 55), पण गरज आपल्याला जास्त असते.

अकरा महिन्यांच्या मध्येच आकडा वाढला तर? पावसात भिजलेलं पिल्लू गेटपाशी सापडतं आणि आपण ते वर आणतो. आणावंच. मात्र त्याच दिवशी मालकांना मेसेज करा: पिल्लू तात्पुरतं आहे, घर शोधतेय, अमुक दिवसांत कळवते. वॉचमनकडून कळलं तर तीच गोष्ट लपवाछपवी ठरते.

वासावर फिनाईल

तीन मांजरींच्या घरात सगळ्यात जास्त नुकसान वासाने होतं, आणि ते वाढवण्यात आपला हातभार असतो. मांजराच्या मुतातलं युरिक अ‍ॅसिड पाण्यात सहजी विरघळत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पुसली की स्वच्छ दिसते, पण दोन टाइल्सच्या सांध्यातल्या व्हाइट सिमेंटमध्ये त्याचे स्फटिक बसून राहतात. उन्हाळ्यात काही जाणवत नाही. जुलैत हवा दमट झाली की कोपऱ्यातून वास उठतो आणि आपल्याला वाटतं पुन्हा कोणीतरी घाण केली. मग फिनाईल ओततो. फिनॉल असलेलं फिनाईल मांजरांना विषारी असतं, कारण त्यांच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. फरशीवर चालून पंजे चाटले तरी ते पोटात जातं. ब्लीचही नको, मुतातल्या अमोनियाशी त्याची गाठ पडली की त्रासदायक वायू तयार होतो. व्हिनेगर टाइलवर चालेल, पण जुन्या घरातल्या मार्बलवर पडलं तर पॉलिश जाऊन पांढरट डाग राहतो, आणि तो डिपॉझिटमधून कापला जातो.

एन्झाइम असलेला क्लीनर आणा. आधी अंधार करून अल्ट्राव्हायोलेट टॉर्च फिरवा. जुने डाग हिरवट-पिवळे चमकतात, भिंतीच्या स्कर्टिंगवर तर आपल्याला कधी संशयही आलेला नसतो तिथे दिसतात. क्लीनर सांध्यात मुरेल इतका ओता, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ राहू द्या, आणि आपोआप वाळू द्या. लगेच पुसलात तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही.

मांजर लिटर बॉक्स (शी-शूचा वाळूचा ट्रे) सोडून बाहेर घाण का करतं, हेही बघा. मांजरी जितक्या, त्यापेक्षा एक लिटर बॉक्स जास्त हवा. आमच्याकडे दोनच होते आणि एक वॉशिंग मशीनच्या शेजारी. मशीन फिरायला लागलं की तिकडे कोणी फिरकत नसे. बॉक्स हलवले, आणखी दोन आणले, आठ दिवसांत प्रश्न सुटला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: बोका पुन्हा पुन्हा बसून जोर देतोय आणि थेंबही येत नाहीये, तर तो लघवीचा मार्ग तुंबल्याचा प्रकार असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, एका रात्रीचाही धोका घेऊ नका.

भुंकण्याची तक्रार आली तर

‘आमची तांबी भुंकतच नाही’ असं लगेच म्हणू नका. आपण ऑफिसात असतो, शेजारच्या काकू दिवसभर घरात असतात. जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा. आम्ही लावला तेव्हा कळलं, रोज अकराच्या सुमारास कुरिअरवाल्यांची बेल वाजली की पाऊण तास रडगाणं चालायचं. पार्सलं गेटवर ठेवायला सांगितली, निघण्याआधी फिरवण्याचा वेळ वाढवला. काकूंना ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि काय करतोय तेही सांगितलं. आता तांबी रडली की त्या सेक्रेटरींच्या आधी मला फोन करतात.

बाल्कनीला साधी कबुतरजाळी पुरेशी समजू नका. पातळ नायलॉन मांजर कुरतडतं. जाड जाळी लावा, आणि ड्रिल मारण्याआधी मालकांचा लेखी होकार घ्या.

घर सोडताना

पहिल्या दिवशी, सामान आत येण्याआधी, प्रत्येक दाराचे खालचे कोपरे, फरशीचे सांधे आणि खिडकीच्या जाळ्या यांचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा. बहुतेक जण हे विसरतात. तांबीने बेडरूमच्या दाराच्या लॅमिनेटवर नखं मारली होती. मी सुतार बोलावून पट्टी बदलली आणि बिल ठेवलं. जुन्या फोटोत मुख्य दाराचा ओरखडा आधीपासून दिसत होता, त्यामुळे तो आमच्या माथी बसला नाही. रंगाचे पैसे कापायचे की नाहीत, हे करारातच ठरवून घ्या.

सामान हलवण्याच्या सकाळी दार सताड उघडं असतं आणि अनोळखी माणसं ये-जा करतात. मांजरींना आधीच बाथरूममध्ये पाणी, लिटर बॉक्स आणि तुमच्या वापरातली चादर देऊन बंद करा, दारावर मोठ्या अक्षरात ‘उघडू नका’ चिकटवा आणि टेम्पो गेल्यावर त्यांना स्वतःच्या गाडीतून न्या. आमची चिकू अशाच गडबडीत जिन्यातून पळाली आणि दोन रात्री पार्किंगमध्ये सापडली नाही. मी रात्री बारा वाजता तिच्या डब्याचं झाकण वाजवत खाली फिरत होते. तिसऱ्या पहाटे ती मीटर-बॉक्सच्या मागून बाहेर आली.