ओपल घरात आला, आता सांभाळायचा कसा?

शुक्रासाठी गुरुजींनी ओपल सांगितला, सराफ्यातून चांदीत बसवून आणला, की पुढचं ठरलेलं: वाटीत कच्चं दूध, मध, हळद-कुंकू आणि त्यात अंगठी बुडवायची. इथे जरा थांबा. आधी बिल काढा आणि खडा कुठला आहे ते बघा.

इथिओपियाच्या वेलो भागातला असेल, तर तो बहुधा पाणी शोषणारा. भिजला की आतले रंग मावळतात आणि खडा काचेसारखा आरपार दिसू लागतो. नुसतं पाणी गेलं असेल तर घाबरू नका. सावलीत मऊ कापडावर ठेवा, सुकला की रंग परततात. कधी काही तास, कधी काही दिवस. घाई करून हेअर ड्रायर लावलात तर तडा जाऊ शकतो. हळद, तेल, अत्तर आत मुरलं, तर मात्र डाग निघणं कठीण. पूजा करायचीच ना? अंगठी ताम्हनात कोरडी ठेवा, अक्षता वाहा, दुधाचा नैवेद्य शेजारी. माझ्या मते देवाला एवढं पुरतं.

ऑस्ट्रेलियाचा अखंड ओपल सहसा पाणी शोषत नाही. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो. डबलेट-ट्रिपलेट म्हणजे चिकटवलेले थर. भिंगातून कडेने पाहिलं तर जोडाची सरळ रेघ दिसते. हे भिजवू नका, थरांत पाणी शिरून खडा धुरकटतो. बंद कोंदणात ती रेघ झाकली जाते, म्हणून बसवण्याआधीच बघून घ्या, तेही दिवसा, दुकानाबाहेरच्या उजेडात. इंदूरचा रात्रीचा सराफा म्हणजे खाऊगल्ली, तो भुट्ट्याच्या किसासाठी ठीक.

मोह्सच्या 1 ते 10 च्या मापावर ओपलची कठिणता 5.5 ते 6.5, धुळीतल्या क्वार्ट्झची 7. म्हणून आधी मऊ ब्रशने धूळ झटका, मग पुसा. कणीक मळताना, भांडी घासताना अंगठी काढा. दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक मशीनला आणि वाफेला साफ नकार. अंगठीचं माप बदलताना खडा काढूनच डाग द्यायला, म्हणजे झाळायला, सांगा.

ठेवायला स्वतंत्र मऊ पिशवी हवी. हिरा-माणकांच्या डब्यात ओरखडे पडतात. ओपलमध्ये साधारण 3 ते 10 टक्के पाणी असतं, त्यामुळे ओलावा शोषणारी सिलिका जेलची पुडी काढून टाका. इंदूरच्या मे महिन्यात उन्हाच्या भिंतीला लागलेलं लोखंडी कपाट किती तापतं, हात लावून बघा. ती जागा नको.

नोंदीला साधी वही पुरे. बसवण्याआधीचं वजन कॅरेटमध्ये लिहा (5 कॅरेट म्हणजे 1 ग्रॅम), कारण रत्तीचा हिशेब कच्ची रत्ती की पक्की, त्याप्रमाणे बदलतो. इथिओपियन खडा कोरडा असतानाच तोला, ओला जास्त भरतो. लांबी-रुंदी-उंची मिलिमीटरमध्ये, बिलाची प्रत, वरून-खालून-कडेने फोटो. कोन बदलला की रंग बदलतात, म्हणून उजेडात फिरवून छोटा व्हिडिओही काढा.

दुरुस्तीला देताना पावतीवर ओपलचा प्रकार, माप आणि वजन लिहून घ्या. ‘पांढरा खडा, 1 नग’ एवढ्यावर अंगठी सोडून येऊ नका.