घरातला पैसा नेमका जातो कुठे आणि बचत सुरू कशी करायची

महिनाअखेर आली की बऱ्याच घरांत एकच प्रश्न असतो, एवढे पैसे आले होते ते गेले कुठे? मग कुणाचं तरी ऑनलाइन शॉपिंग निघतं, कुणाचं बाहेर खाणं निघतं, वादावादी होते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझं याबाबतचं मत पक्कं आहे. बहुतेक घरांत पैसा उरत नाही त्याचं कारण उधळपट्टी नसतं, कारणं दोन असतात. एक म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा येणारे मोठे खर्च कुणी हिशोबात धरलेलेच नसतात, आणि दुसरं म्हणजे घरातल्या माणसांना एकमेकांचे खर्च, कर्जं, हप्ते धड माहीतच नसतात. रोजचा चहा बंद करून या दोन्हीपैकी काहीच सुटत नाही, म्हणून हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं ते सांगतो.

आधी एक महिना फक्त लिहा

पहिल्या महिन्यात खर्च कमी करायचा प्रयत्न अजिबात करू नका, जसा चालतो तसाच चालू द्या, फक्त लिहा. वहीत लिहा, मोबाईलच्या नोट्समध्ये लिहा, एक्सेलमध्ये लिहा, काहीही चालेल, पण घरात जे जे पैसे खर्च करतात त्या सगळ्यांनी लिहायचं. एकट्याने लिहिलं तर अर्धाच हिशोब होतो. अॅप आपोआप नोंदी करतात हे खरं, पण हाताने लिहिताना खर्च पुन्हा एकदा डोळ्यांखालून जातो आणि त्याचा फायदा वेगळाच आहे. जपानमध्ये मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरगुती जमाखर्चाची काकेइबो ही वही काढली आणि ती पद्धत अजून चालते, कारण त्यात लिहिण्याबरोबर थांबून विचार करणंही येतं.

लिहिताना रक्कम आणि कशावर गेली एवढंच न लिहिता पुढे एक अक्षर टाका. ठरवून केलेला खर्च असेल तर ठ, अचानक आला असेल तर अ, सवयीने झाला असेल तर स. म्हणजे ‘औषधं, अ’, ‘वीजबिल, ठ’, ‘ऑफिसातून येताना काहीतरी घेतलं, स’, ‘मुलीच्या प्रोजेक्टचं सामान, आदल्या रात्री कळलं, अ’. महिनाअखेरीला या तीन अक्षरांच्या वेगवेगळ्या बेरजा करा. ‘स’ ची बेरीज बघून लोक दचकतात खरे पण तुम्ही जास्त लक्ष ‘अ’ कडे द्या, कारण अचानक म्हणून लिहिलेले अर्धेअधिक खर्च अचानक नसतातच, ते येणार हे माहीत असतं पण धरलेलं नसतं. यावरच पुढचा सगळा खेळ आहे.

वर्षाचे खर्च महिन्यात आणा

हे एक काम नीट केलंत तरी निम्मी ओढाताण संपेल असं मला मनापासून वाटतं, म्हणून इथे वेळ द्या. बँकेचं आणि कार्डाचं मागच्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढा आणि जे खर्च दर महिन्याला येत नाहीत ते सगळे एका कागदावर उतरवा. विम्याचे हप्ते, शाळा-कॉलेजच्या फिया, गाडीचं सर्व्हिसिंग आणि टायर, कर, घराची दुरुस्ती, कपडे, प्रवास, नात्यातली कार्यं, वाढदिवसांची गिफ्ट, दातांचं काम, चष्मा, आणि वर्षाला आपोआप रिन्यू होणारी ती सबस्क्रिप्शन्स. फोन, फ्रीज, वॉशिंग मशीन पण धरा, या वस्तू कधी ना कधी बदलाव्याच लागतात.

आता बेरीज करून १२ ने भागा.

हा आकडा का महत्त्वाचा ते बघा. समजा महिन्याला १०० येतात आणि महिन्याचा नेहमीचा खर्च ८५ आहे. माणूस म्हणतो १५ उरतात, छान चाललंय. वर्षाला झाले १८०. पण या कागदावरची बेरीज २०० निघाली तर वर्षाकाठी २० चा खड्डा पडतोय, आणि तो खड्डा कुठेतरी कार्डावर नाहीतर उसनवारीवर भरला जातोय, पण आपल्याला मात्र आपण बचत करतोय असंच वाटत राहतं. दर महिन्याला नियमित बचत करूनही हातात काही न राहणारी माणसं असतात ना, त्यांचं गणित बरेचदा हेच असतं.

तर २०० भागिले १२ म्हणजे महिन्याला साधारण १७, हे १७ पगार झाला की लगेच वेगळ्या खात्यात टाकायचे आणि ते वर्षाचेच खर्च आले की तिथूनच काढायचे. खातं वेगळंच हवं, एकाच खात्यात मनातल्या मनात बाजूला ठेवलेले पैसे टिकत नाहीत. पैशावर नाव लिहिलं की माणूस तो वेगळ्या नजरेने वापरतो, याला अर्थशास्त्रात मेंटल अकाउंटिंग म्हणतात आणि त्यावर काम करणाऱ्या रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय. खात्याला नाव देता येत असेल तर सरळ ‘वर्षाचे खर्च’ असंच द्या.

पहिल्या वर्षी हे खातं पुरणार नाही, कारण एखादा मोठा खर्च दुसऱ्याच महिन्यात येऊन उभा राहील. तेव्हा पद्धत सोडू नका, कमी पडले तेवढे दुसरीकडून भागवा आणि दरमहा टाकणं चालू ठेवा, एक चक्र पूर्ण झालं की गाडी रुळावर येते.

बचत आधी, खर्च नंतर

उरेल ते वाचवू म्हणणाऱ्याचं काही उरत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवशीचा ऑटो डेबिट लावून टाका, रक्कम आपोआप गेली पाहिजे, दर महिन्याला ठरवायची वेळच यायला नको. किती, तर ५० टक्के गरजा, ३० टक्के हौस, २० टक्के बचत असा एक नियम सगळीकडे सांगतात, पण घरभाडं आणि मुलांचं शिक्षण चालू असलेल्या घराला तो झेपेलच असं नाही आणि नाही झेपला की लोक सगळंच सोडून देतात. त्यापेक्षा ५ टक्क्यांनी सुरू करा, अगदी २ नी करा, आणि मग पगार वाढेल तेव्हा वाढीतला निम्मा भाग हातात यायच्या आधीच बचतीकडे वळवा. थेलर आणि श्लोमो बेनार्ट्झी यांनी एका कंपनीत हेच करून पाहिलं होतं, पुढच्या पगारवाढीतून बचत वाढवायला कर्मचाऱ्यांनी आधीच होकार द्यायचा. २००४ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पेपरनुसार त्या लोकांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. हातात येऊन गेलेला पैसा सोडताना टोचतं, न आलेला सोडताना तेवढं टोचत नाही, एवढंच आहे ते.

ज्यांचं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं त्यांनी मागच्या वर्षातला सगळ्यात कमी कमाईचा महिना बघायचा आणि घर त्या आकड्यावर बसवायचा प्रयत्न करायचा. जास्त आलेले पैसे एका खात्यात साठवायचे आणि तिथून स्वतःलाच दर महिन्याला ठरलेला पगार द्यायचा.

पहिली बचत अडीअडचणीसाठी. घर चालवायला महिन्याला जे लागतं त्याच्या तिप्पट ते सहापट रक्कम, कमाई अनियमित असेल तर त्याहून जास्त. ही रक्कम एका दिवसात हातात येईल अशा ठिकाणीच ठेवा, परतावा कमी मिळाला तरी चालेल. त्यापुढची बचत मात्र नुसती पडून राहू देऊ नका. ७२ ला परताव्याच्या वार्षिक दराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारी वर्षं अंदाजे मिळतात आणि महागाईलाही हेच लागू आहे, महागाई ६ टक्के असेल तर १२ वर्षांत पडून राहिलेल्या पैशाची किंमत साधारण निम्मी होते.

कर्ज असेल तर

कार्डाची थकबाकी असेल तर अडचणीपुरती थोडी रक्कम हाताशी ठेवून आधी तिच्याच मागे लागा. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने ते वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं, एवढा परतावा कुठलीच सुरक्षित गुंतवणूक देत नाही. आणि ते ‘किमान रक्कम भरा’ आहे ना, ते नीट समजून घ्या. १०० थकलेत, ३ व्याज लागलं, तुम्ही १०३ चे ५ टक्के म्हणजे जेमतेम ५ भरले, तर मूळ रकमेतून कमी झाले फक्त २. कार्ड अजिबात न वापरता असं भरत राहिलात तरी थकबाकी निम्मी व्हायला अडीच वर्षांपेक्षा जास्त लागतात.

हप्त्यावर वस्तू घेताना व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकेवर हे विचाराच. फ्लॅट १० टक्के म्हणजे १०० घेतले आणि १२ हप्त्यांत ११० फेडले, पण दर महिन्याला तुम्ही मुद्दल परत करत असता आणि व्याज मात्र पूर्ण १०० वर लागतं, त्यामुळे खरा दर वर्षाला १८ टक्क्यांच्या आसपास पडतो. कर्जं अनेक असतील तर सगळ्यात महाग व्याजाचं आधी संपवणं हिशोबाने बरोबर, पण एखादं अगदी छोटं कर्ज चटकन फिटून डोक्यातून जाणार असेल तर ते आधी उरका, माझी काही हरकत नाही.

एकमेकांना सांगणं

हा भाग सगळ्यात अवघड आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास बसायचं, पगार झाल्यावर लगेच, महिनाअखेरीला नाही, तेव्हा सगळे वैतागलेले असतात. सुरुवात मागच्या खर्चाने करू नका. ‘हे काय, पुन्हा एवढे उडवले?’ असं म्हटलं की समोरचा पुढच्या वेळी लपवणारच. त्याऐवजी ‘अगं, पुढच्या महिन्यात विम्याचा हप्ता आहे, त्या खात्यात किती जमलेत बघूया का?’ इथून सुरू करा, किंवा ‘अहो, शाळेची फी वाढलीय, १२ ने भागायचा आकडा बदलावा लागेल’. बोलणं पुढच्या खर्चाचं असलं की दोघंही एका बाजूला येतात आणि मागचा खर्च त्या ओघात आपोआप निघतो.

दुसरी गोष्ट, प्रत्येकाला थोडे तरी पैसे असे हवेत की ज्याचा हिशोब कुणी विचारणार नाही. रक्कम छोटी असू दे पण ती सारखीच असावी, कमावणाऱ्याला जास्त आणि घर सांभाळणाऱ्याला कमी असं नको. घर सांभाळणाऱ्या माणसाला प्रत्येक बारीक खर्चाला हात पसरावा लागत असेल तर त्याला काटकसर म्हणत नाहीत, ते अन्याय्य आहे. वर लिहायची वही सांगितली तीही या रकमेला लागू नाही, तिथे फक्त ‘स्वतःसाठी’ एवढंच लिहायचं.

आणि परवडत नसेल तर घरात परवडत नाही असं स्पष्ट सांगा, मुलांनासुद्धा. सगळी सोंगं आणता येतात पण पैशाचं सोंग आणता येत नाही. मुलांना आठवड्याला ठरलेले पैसे द्या आणि ते मधेच संपले तर वरून देऊ नका, शिल्लक ठेवली तर मात्र काढून घेऊ नका.

खरेदीबद्दल दोनच नियम पुरतात. ठरलेल्या रकमेवरची कुठलीही वस्तू ३ दिवस थांबून घ्यायची, बऱ्याच वस्तू तोपर्यंत नकोशा होतात. आणि सेलमध्ये ४० टक्के सूट दिसली की उरलेले ६० टक्के आपल्या खिशातून जाणार आहेत हे आधी बघायचं, नको असलेल्या वस्तूवर बचत होत नसते. शॉपिंगच्या साइटवर सेव्ह केलेलं कार्ड काढून टाका, नंबर प्रत्येक वेळी टाकावा लागला की हात जरा थांबतो.

शेवटी एक कागद तयार करा. कुठल्या बँकेत कुणाच्या नावाने खातं, विमा कुठला, कर्ज किती उरलंय, कुणाला उसने दिलेत आणि कुणाचे द्यायचेत, प्रत्येक ठिकाणी नॉमिनी कोण, मूळ कागदपत्रं कुठल्या कपाटात. पासवर्ड आणि पिन त्यात लिहू नका. हा कागद घरातल्या निदान दोघांना माहीत असला पाहिजे, वर तारीख टाका आणि दर वर्षी, किंवा लग्न, मूल, नोकरी बदलणं असं काही घडलं की लगेच, नॉमिनीसकट तपासून नवा लिहा.