समोरचा चुकतोय, तरी तुमचा खिसा रिकामा का? पोकरमधल्या या चुका टाळा

टेक्सस होल्डेममध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच अशा पोकरमध्ये, पैसा येतो तो समोरच्याच्या चुकांमधून, हे नवशिक्यालाही तोंडपाठ असतं. पण तो चुकला की पैसा आपोआप आपल्याकडे सरकेल असं धरून बसतात, आणि तिथेच फसतात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे जो कधीच पत्ते टाकत नाही, म्हणजे डाव सोडत नाही, त्यालाच ब्लफ मारणं, म्हणजे हातात काही नसताना पैसे लावून घाबरवायला जाणं. पणजीला मांडवीवरच्या एका कॅसिनोत माझ्या शेजारी एक तरुण बसला होता. समोर एक काका, हातात काहीही असो, कॉल करणारच, म्हणजे समोरच्याने लावले तेवढे पैसे टाकणारच. सगळ्या टेबलाला हे कळलं होतं. तरी या पठ्ठ्याने हातात काही नसताना फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन पत्ते), टर्न (चौथा), रिव्हर (पाचवा) असे तिन्ही वेळा पैसे लावले. काकांनी पंजीची जोडी दाखवली आणि पॉट, म्हणजे मधे जमलेला पैसा, ओढला. वर हाच काकांना शिकवायला लागला, "काका, एवढ्यावर कुणी कॉल करतं का?" काका ओशाळले आणि पुढे शहाण्यासारखे पत्ते टाकू लागले. झालं, आमच्या सगळ्यांच्याच पोटावर पाय! अशा माणसापुढे मी ब्लफ बंद ठेवतो आणि चांगला हात आला की तिन्ही वेळा भरपूर लावतो. कंटाळवाणं आहे, मान्य. यूट्यूबवरच्या करामती ज्यांना करायच्या आहेत त्यांनी खुशाल कराव्यात.

दुसरी चूक, घाबरून कमी लावणं. टर्नला पॉटमध्ये १००० आहेत, तुमच्याकडे राजाची जोडी, समोरच्याला फ्लशसाठी, म्हणजे पाचही पत्ते बदामाचे व्हायला, एक बदाम हवाय. त्याला न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम ९. तुम्ही २०० लावलेत, तर त्याला २०० टाकून १२०० मिळवायची संधी, म्हणजे एकास सहा. लागणारे ९, न लागणारे ३७, म्हणजे त्याला एकास चारच्या जरा वर पुरतं. त्याचा कॉल बरोबर, चुकलात तुम्ही. तेच १००० लावा. आता कॉल केला तर तो सरासरी ४१३ गमावतो आणि तुमच्या वाट्याला तेवढेच जास्त येतात. पाचातून एकदा बदाम पडणारच. त्यावरून डीलरवर डोळे काढणाऱ्यांनी घरी गोट्या खेळाव्यात.

पॉटमध्ये तिघं-चौघं असतील तर हा हिशेब बिघडतो. दोघं वेगवेगळ्या पत्त्यांची वाट बघत असले, की एकाच्या चुकीच्या कॉलचा फायदा बऱ्याचदा दुसऱ्यालाच होतो, कधी तर तुम्हालाच फटका बसतो. म्हणून मी फ्लॉपच्या आधीच रेज करून, म्हणजे पैसे वाढवून, गर्दी कमी करतो.

रेक, म्हणजे कॅसिनो पॉटमधून कापतो तो वाटा, विसरू नका. छोट्या पॉटमधली समोरच्याची चूक कॅसिनोच खातो.

आणि कोण कुठे चुकतो हे सांगणारं सॉफ्टवेअर मला विचारू नका. ते ऑनलाइनवाल्यांचं, आणि २०२५ च्या कायद्याने पैशांवरचा ऑनलाइन पोकर भारतात बंदच झालाय. टेबलावर बसा आणि बघा. बहुतेकजण पत्ते टाकले की मोबाइल काढतात, आणि समोरचा काय घेऊन कॉल करत होता ते नेमकं तेव्हाच टेबलावर उघडं पडलेलं असतं.