पहिला प्रयोग: पत्रिकेवर शुभारंभ, पदार्पण की प्रीमियर?

‘नाटकाच्या शुभारंभाच्या पहिल्या प्रयोगाचे उद्घाटन.’ अशा धाटणीची ओळ फ्लेक्सवर हमखास सापडते. एकच गोष्ट तीनदा सांगून झाली, तरी बोध होत नाही तो नाहीच. शुभारंभ म्हणजेच पहिला. आणि उद्घाटन नाट्यगृहाचं होतं, नाटकाचं नाही. छापायला हवं होतं एवढंच: ‘शुभारंभाचा प्रयोग’.

जळगाव, धुळे किंवा अमळनेरची एखादी हौशी संस्था असो, भरतनाट्यमचा क्लास असो की अहिराणी गाणी करणारी मंडळी असोत, पहिल्या सादरीकरणाची पत्रिका कधी ना कधी लिहावीच लागते. ती या क्रमाने लिहा.

१. पहिलं कोण, ते आधी ठरवा

सगळा घोळ इथेच होतो. पहिलेपण कलाकृतीचं आहे, माणसाचं आहे की गावाचं? ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तोही पहिल्या चार अंकांचा. हा झाला नाटकाचा शुभारंभ. पुढे पाव शतकाने, १९०५ मध्ये, त्याच नाटकात शकुंतला म्हणून बालगंधर्व उभे राहिले. ते त्यांचं पदार्पण. नाटक जुनं, नट नवा. (लहानपणी त्यांनी गाण्याचे धडे जळगावात घेतले होते. शहरातलं खुलं नाट्यगृह आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.)

म्हणून कागदावर दोन रकाने पाडा. एकात ‘काय पहिल्यांदा होतंय’, दुसऱ्यात ‘कोण पहिल्यांदा येतंय’. दोन्ही भरले तर दोन्ही शब्द वापरा, पण वेगवेगळ्या ओळींत. ‘शुभारंभाचा प्रयोग’ ही मोठ्या टाइपातली ओळ, आणि कलाकाराच्या नावाखाली बारीक टाइपात ‘रंगभूमीवर पदार्पण’.

२. शब्द वाक्यात नीट बसवा

शुभारंभ ‘होतो’ किंवा ‘केला जातो’. पदार्पण ‘करायचं’ असतं, आणि ते करायला पाय असावे लागतात, कारण पद अधिक अर्पण म्हणजे पाऊल ठेवणं. ‘नाटकाने पदार्पण केले’ हे म्हणून कानाला खटकतं. ‘तिने रंगभूमीवर पदार्पण केले’, ‘त्याने चित्रपटसृष्टीत पदार्पण केले’ हे बरोबर. रंगभूमी ‘वर’, सृष्टी ‘त’. ‘प्रथम पदार्पण’ लिहू नका, त्यातला ‘प्रथम’ फुकटचा. ‘साठीत पदार्पण’ हा वापर मात्र जुना आणि चांगला आहे, तो चुकीचा समजून खोडू नका.

‘डेब्यू’ लिहायचाच झाला तर ‘डेब्यूट’ नको. शब्द मूळचा फ्रेंच, शेवटच्या टचा उच्चार होत नाही. पण पदार्पण असताना डेब्यू कशाला, हेही खरंच.

३. गावाचं पहिलेपण वेगळं दाखवा

मुंबई-पुण्यात पंचवीस प्रयोग झालेलं नाटक धुळ्यात आलं की जाहिरातीत ‘शुभारंभ’ झळकतो. हा शुभारंभ नव्हे. ‘धुळ्यातील पहिला प्रयोग’ किंवा ‘खान्देशात प्रथमच’ लिहा. तिकीट काढणाऱ्या माणसाला ते जास्त उपयोगाचं असतं, कारण नाटक मुरलेलं आहे हे त्याला कळतं. जुनं नाटक नव्या नटांसह उभं केलं असेल, तर ‘नव्या संचात’ हे दोन शब्द पुरतात.

राज्य नाट्य स्पर्धेत आधी सादर झालेल्या नाटकाचं काय? स्पर्धेतला प्रयोगही प्रेक्षकांसमोरचाच, म्हणून मोजणीत तो प्रयोग क्रमांक १. नंतर तिकीट लावून केला तर ‘पहिला व्यावसायिक प्रयोग’ म्हणा. रंगीत तालीम मात्र मोजायची नाही, मग समोर दोनशे माणसं बसलेली का असेनात.

४. प्रीमियर आणि प्रदर्शन एक नव्हे

चित्रपटाचा प्रीमियर हा बहुधा निमंत्रितांसाठीचा मानाचा खेळ, प्रदर्शन सर्वांसाठी. हा भेद पहिल्या पूर्ण लांबीच्या भारतीय चित्रपटापासूनचा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईत ऑलिंपियामध्ये निमंत्रितांना दाखवला गेला, आणि लोकांसाठी लागला ३ मे रोजी कोरोनेशनमध्ये. तारखा दोन, म्हणून शब्दही दोन. पत्रिकेवर ‘प्रीमियर’ छापलं की खाली प्रवेश निमंत्रितांना आहे की तिकिटावर, हे लिहाच. नाहीतर दारात वाद ठरलेला.

यूट्यूबवरचा प्रीमियर आणखी वेगळा. व्हिडिओ आधीच तयार असतो. ठरलेल्या वेळी उलटी गिनती होऊन तो सगळ्यांना एकदम दिसतो आणि शेजारी गप्पा चालू असतात. अहिराणी गाणं असं आणायचं असेल तर ‘प्रीमियर: रात्री ८ वाजता’ असं वेळेसकट लिहा, कारण आधी पाहायला येणाऱ्याला नुसती गिनती दिसते. वेळ न ठरवता थेट चढवायचं असेल तर तो ‘रिलीज’.

स्पेलिंगही सांभाळा: प्री दीर्घ, मि ऱ्हस्व. आणि ‘प्रीमियर लीग’ मधला प्रीमियर म्हणजे अव्वल दर्जाचा, पहिल्या खेळाशी त्याचा संबंध नाही.

५. नृत्याला स्वतःचा शब्द आहे

भरतनाट्यमच्या शिष्येचं पहिलं संपूर्ण एकल सादरीकरण म्हणजे अरंगेत्रम. तमिळमध्ये अरंगु म्हणजे रंगमंच आणि एट्रम म्हणजे चढणं. कथकसाठी ‘मंचप्रवेश’ किंवा ‘रंगमंच प्रवेश’ लिहा, कथकच्या पत्रिकेवर अरंगेत्रम नको. स्नेहसंमेलनात समूहात केलेला नाच अरंगेत्रम होत नाही. अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना अशा रचनांच्या क्रमाने मुलगी एकटी साधारण दोन तास मंच सांभाळते, आणि एकटं वर्णमच बरेचदा अर्ध्या तासावर जातं. अरंगेत्रम आयुष्यात एकदाच, त्यामुळे ‘दुसरे अरंगेत्रम’ हा शब्दप्रयोग संभवतच नाही. पत्रिकेत गुरूंचं नाव शिष्येइतक्याच ठळक टाइपात हवं. नट्टुवांगम (झांजांवर ताल धरणं), गायन आणि मृदंगमची साथ कोणाची, त्यांचीही नावं द्या.

६. छापण्याआधी

नाटकाच्या संहितेला महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते हातात नसताना शुभारंभाची तारीख जाहीर करू नका. तारीख पुढे गेली की ‘शुभारंभ’ दोनदा छापला जातो आणि लोक तिसऱ्यांदा विश्वास ठेवत नाहीत. प्रुफात तीनच जागा तपासा: ‘शुभारंभ’ वरचा अनुस्वार, ‘पदार्पण’ मधला रफार, आणि वार-तारीख एकमेकांशी जुळतात का. वार चुकलेली पत्रिका शब्द चुकलेल्या पत्रिकेपेक्षा महागात पडते.

शेवटची गोष्ट भोंग्याची. गावात रिक्षा फिरवून पुकारा करायचा असेल तर छापील मराठी तशीच वाचू नका. तमाशाला, वगनाट्याला लोक ‘प्रयोग’ म्हणत नाहीत, ‘खेळ’ म्हणतात, आणि अहिराणीत ळ चा य होतो: ‘आज रातले पयला खेय शे, बठ्ठा या!’ (आज रात्री पहिला खेळ आहे, सगळे या!) यावल-रावेरकडे लेवा गणबोली चालते. तिथे हा ‘शे’ नको, पुकारा त्याच भागातल्या माणसाकडून लिहून घ्या.