विज्ञान दिनाला असीमा चॅटर्जींचा प्रोजेक्ट कसा करायचा

फेब्रुवारी आला की आपल्या साताऱ्यात शाळाशाळांत विज्ञान दिनाची गडबड सुरू होते, आणि शास्त्रज्ञ म्हटलं की पोरं नेटवरनं फोटो काढतात, खाली जन्म-मृत्यू-पुरस्कार लिहितात आणि चार्ट चिकटवून मोकळी होतात. यंदा वनस्पतींतल्या औषधी पदार्थांवर काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ असीमा चॅटर्जी घ्या, पण त्यांचं काम टेबलावर करून दाखवा.

चरित्र चार ओळींत बसवा. जन्म १९१७, कलकत्ता. १९४४ ला कलकत्ता विद्यापीठाची डीएससी, म्हणजे विज्ञानातली डॉक्टरेट. १९६१ ला भटनागर पुरस्कार, तो मिळालेल्या त्या पहिल्या महिला. १९७५ ला सायन्स काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्ष, त्याच वर्षी पद्मभूषण. बास.

बाकी टेबल झाडांचं. सदाफुलीची कुंडी कुणाच्याही दारात मिळेल, सातवीणीची फांदी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण सातवीण आणि इतर काही वनस्पतींपासून त्यांनी मलेरियावर औषध बनवलं. फेफऱ्यावरचं आयुष-५६ हे औषध पण त्यांचंच. सदाफुलीतल्या अल्कलॉइडवर (झाडात तयार होणारी नायट्रोजनयुक्त रसायनं, बरीचशी औषधी किंवा विषारी) त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, पण इथं जपून लिहा: व्हिन्ब्लास्टीन हे कॅन्सरचं औषध त्यांनी शोधलं असं अजिबात लिहू नका, ते १९५८ मध्ये कॅनडात नोबल आणि बीअर यांनी वेगळं केलं. बाईंचं स्वतःचं काम एवढं मोठं आहे की दुसऱ्याचं त्यांच्या नावावर घालायची गरजच नाही.

आता प्रयोग. सदाफुलीची चार-पाच पानं खलात थोड्या ॲसिटोनबरोबर घोटा, गडद हिरवा रस निघेल. फिल्टर पेपरची पट्टी घ्या, खालून २ सेंमीवर पेन्सिलनं रेघ मारा (पेननं नको, शाई पसरते) आणि रेघेवर बारीक थेंब ठेवा, वाळू द्या, परत त्यावरच ठेवा, असं आठ-दहा वेळा, कंटाळा करू नका, ठिपका फिका राहिला की पुढं काहीच दिसत नाही. मग बरणीत ९ भाग पेट्रोलियम ईथर, १ भाग ॲसिटोन जेमतेम १ सेंमी भरून पट्टी उभी करा आणि झाकण लावा. ठिपका द्रवात बुडता कामा नये. हे सरांच्या समोरच करायचं, खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळपास बर्नर, काडेपेटी काही नको.

थोड्या वेळात सगळ्यात वर पिवळा-केशरी पट्टा चढतो, ते कॅरोटीन, खाली पिवळं झँथोफिल, त्याखाली दोन हिरवे. परीक्षकांना तो केशरी पट्टाच दाखवा, कारण अमेरिकेत झेकमाइस्टर या रसायनशास्त्रज्ञांकडं असताना असीमाबाईंनी कॅरोटीनच्याच घराण्यातल्या पदार्थांवर काम केलं होतं.

कुणी विचारलं की यात अल्कलॉइड कुठंय, तर सरळ सांगा, ते डोळ्यांना दिसत नाही, इथं फक्त रंग वेगळे झालेत, पण शेकडो पदार्थांच्या काल्यातनं एकेक वेगळा काढायचा आणि मग त्याची रचना शोधायची, हेच त्यांचं आयुष्यभराचं काम.

आणि कुंडीवर मोठ्या अक्षरात पाटी लावा, सदाफुलीची पानं खायची नाहीत, विषारी असतात. लहान पोरं टेबलाशी येतातच.